पांढरी वाइन आणि पाण्याचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या भुवया वर गेल्या असतील. ज्या लातूर शहराला २०१६ सालीं आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या भागांत जन्म काढलेल्या एका निवृत्त शिक्षकानें वाइनवर बोलावें, आणि तेंही पांढऱ्या वाइनवर, हें चमत्कारिक वाटणें साहजिक आहे. परंतु माझा विषय पिण्याचा नाहीं, हिशेबाचा आहे. अलीकडे वाइनच्या जाहिरातींत दोन विशेषणें वारंवार आढळतात. एक, 'कुटुंबाच्या मालकीच्या मळ्यांतील'. आणि दुसरें, 'निसर्गास अपाय न करतां तयार केलेली'. दोन्ही कानाला गोड लागतात. त्यांचा अर्थ काय, आणि नांदेड-लातूरकडील माणसानें तो कोणत्या मापानें मोजावा, एवढेंच मला आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. वाइन म्हणजे आंबविलेला द्राक्षरस. तिला दारू म्हणावें कीं फळांचा रस म्हणावें, असा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. माझ्या मतें त्यांत वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं. तिच्यांत शेंकडा अकरा ते चौदा मद्यार्क असतो, म्हणून ती मद्य आहे. मात्र ती गाळलेली नव्हे, आंबविलेली आहे. भट्टीवर चढवून तिचा अर्क काढीत नाहींत. आपल्या घरांतील औषधांच्या फळीवर द्राक्षासवाची बाटली असते. वैद्य धायटीचीं फुलें घालून तें आसव मुरवितात, आणि मुरतांना त्यांतही मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो. चिठ्ठीवर त्याचें प्रमाण छापलेलें असतें; आपण चष्मा लावून तें वाचीत नाहीं, इतकेंच. फरक एवढा कीं, आसवांत गूळ-साखर व औषधी द्रव्यें पडतात आणि तें चमच्यानें घेतात. वाइनमध्यें मुख्य वस्तु द्राक्षाचा रस, आणि ती पेल्यानें घेतात.

'पांढरी' हा शब्दही जरा फसवा आहे. ती दुधासारखी पांढरी नसते. तिचा रंग गव्हाच्या नव्या काडासारखा फिकट पिवळा असतो. द्राक्ष काळें असो वा हिरवें, बहुतेक जातींचा रस बिनरंगीच असतो. रंग राहतो तो सालींत. तांबडी वाइन करतांना रस सालीसकट आंबवितात, म्हणून ती रंगते. पांढरीसाठीं द्राक्षें आधीं पिळून साल व बी वेगळीं काढतात आणि मग नुसता रस आंबवितात. आंबविण्याचें काम किण्व नांवाचे सूक्ष्म जीव करतात. ते रसांतील साखर खातात आणि तिचा मद्यार्क व कर्बाम्ल वायु बनवितात. एका लिटर रसांतील १७ ग्रॅम साखरेमागें साधारण एक टक्का मद्यार्क उतरतो; म्हणजे बारा टक्क्यांची वाइन हवी असेल, तर लिटरमागें सुमारें २०० ग्रॅम साखर द्राक्षांत भरलेली पाहिजे. परंतु नुसती गोडी पुरत नाहीं, आंबटपणाही राहावा लागतो. पांढऱ्या वाइनचा सारा जीव ह्या आंबटपणांत असतो, आणि रात्री उष्ण असल्या म्हणजे तो वेलीवरच जळून जातो. म्हणून आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत चांगली पांढरी वाइन करणें हें अवघड काम आहे.

ह्या अडचणींतून वाट काढणारी एक जात म्हणजे 'शेनिन ब्लाँ'. ती मूळची फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यांतील. आज तिची सर्वांत मोठी लागवड दक्षिण आफ्रिकेंत आहे. उन्हांतही आंबटपणा धरून ठेवणें हा तिचा गुण. युरोपांत द्राक्षवेल हिवाळ्यांत झोपीं जाते. आपल्याकडे तिला झोप नाहीं. म्हणून आपले बागाईतदार वर्षांतून दोनदां छाटणी करतात: एप्रिलमध्यें काडी तयार करण्यासाठीं, आणि पावसाळा सरतांना, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, फळ धरण्यासाठीं. पीक मात्र एकच घेतात, तें जानेवारीपासून मार्चपर्यंत. द्राक्ष मराठवाड्यास नवें नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला होता. तेथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, अशी नोंद त्यानें करून ठेविली आहे. आज आपल्या भागांत ज्या बागा दिसतात त्या बहुतेक खाण्याच्या द्राक्षांच्या. वाइनचीं द्राक्षें वेगळीं. तीं आकारानें लहान, सालीनें जाड आणि आंत बी असलेलीं.

महाराष्ट्रांत ह्या धंद्याचा पाया नारायणगांवीं घातला गेला. तेथें चौगुले कुटुंबानें फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्यानें १९८० नंतरच्या दशकांत फेसाळणारी पांढरी वाइन तयार केली आणि 'ओमर खय्याम' ह्या नांवानें ती परदेशींही पाठविली. १९९७ सालीं राजीव सामंत यांनीं नाशिकजवळ आपल्या घरच्या जमिनींत शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ ह्या पांढऱ्या जाती लावल्या, आणि २००० सालीं त्यांची 'सुला' वाइन बाजारांत आली. हें नांव त्यांच्या मातोश्रींच्या सुलभा ह्या नांवावरून घेतलेलें आहे. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण ठरविलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइनसाठीं खास औद्योगिक वसाहती निघाल्या. त्या उत्साहांत पुष्कळ बागाईतदारांनीं वाइनच्या जाती लावल्या. २००८ नंतर मंदी आली, माल पडून राहिला, आणि ज्या हातांनीं वेली लावल्या त्याच हातांनीं कित्येकांना त्या उपटाव्या लागल्या. नारायणगांवचा कारखानाही पुढें कर्जाच्या ओझ्याखालीं बसला. खाण्याचीं द्राक्षें व्यापाऱ्यानें नाकारलीं तरी हातगाडीवर विकतां येतात; वाइनचीं द्राक्षें कारखान्यानें नाकारलीं कीं त्यांना दुसरें दार नाहीं. हा धडा आपण विसरूं नये.

आतां आपल्या शेजारीं येऊं. लातूरच्या पश्चिमेस धाराशिव जिल्हा ओलांडला कीं सोलापूर जिल्हा लागतो. त्यांत माळशिरस तालुक्यांतील अकलूज म्हणजे साखर कारखानदारीचें गांव. तेथें २००७ च्या सुमारास तीन घरचे भाऊ एकत्र आले: इटलीचे सेच्ची बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधु. त्यांनीं आपल्या संस्थेचें नांव ठेविलें 'फ्रातेल्ली'. इटालियन भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ 'भाऊ'. आमच्याकडे जमिनीवर भाऊ एकत्र आले कीं मोजणीदाराला तरी बोलावतात, नाहीं तर वकिलाला तरी. येथें त्यांनीं द्राक्षमळा केला, म्हणून हें नांव मला विशेष आवडलें. इटलीच्या तोस्काना प्रांतांतील पिएरो मासी ह्या अनुभवी वाइनतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं मोटेवाडी व आसपासच्या जमिनींत वेली लागल्या. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ व शार्दोने ह्या तिन्ही पांढऱ्या वाइनी ही संस्था करते.

कुटुंबाच्या मालकीला एवढें महत्त्व कां द्यावें? वेल लावल्यापासून धड पीक येण्यास दोन-तीन वर्षें जातात, आणि पुढें पुष्कळ वर्षें ती फळते. एवढा काळ एकाच जमिनीवर नजर ठेवणारा मालक हवा. ज्याच्या नातवाला त्याच विहिरीचें पाणी प्यावयाचें आहे, तो त्या विहिरीशीं जपून वागेल, अशी आपली अपेक्षा असते. ती वाजवी आहे, पण ती हमी नव्हे. आपल्या भागांत पांचपांचशें फूट कूपनलिका खोदणारे सारे कुटुंबवत्सल गृहस्थच होते. शिवाय घरचा उद्योग वाढला कीं घरचाच राहतो असेंही नाहीं. 'सुला' संस्थेचे भाग २०२२ च्या डिसेंबरांत शेअरबाजारांत आले. म्हणून पहिलें विशेषण आपण बाजूस ठेवूं आणि दुसऱ्याची परीक्षा करूं.

त्यासाठीं शाळेंतल्यासारखा एक हिशेब मांडतों. आंकडे ठोकळ आहेत. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आपणही करून पाहावा. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी पसरलें तर तें ४,०४७ लिटर भरतें. ठिबक सिंचनावरील द्राक्षबागेस वर्षाला ६०० मिलिमीटर पाणी लागतें असें धरूं. गुणाकार केला तर एकरीं सुमारें २४ लाख २८ हजार लिटर झाले. वाइनच्या द्राक्षांचें पीक मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रस चांगला उतरतो. तें एकरीं ५,००० किलो धरूं. पाऊण लिटरच्या एका बाटलीस सुमारें १.१ किलो द्राक्षें लागतात. तेव्हां एकरांतून निघाल्या साडेचार हजार बाटल्या. आतां भागाकार करा. एका बाटलीमागें ५४० लिटर पाणी!

हा आंकडा लातूरच्या मापानें मोजूं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली, तेव्हां तिच्या दहा वाघिणींत मिळून पांच लाख लिटर पाणी होतें. मांजरा धरण आटलें होतें. पाणी भरण्याच्या ठिकाणीं गर्दी होऊन दंगा होऊं नये म्हणून जमावबंदी पुकारावी लागली होती. त्या पांच लाख लिटरांना ५४० नें भागिलें तर सुमारें सव्वानऊशें बाटल्या होतात. सारें शहर डोळे लावून ज्या गाडीची वाट पाहत होतें, तिच्यांतलें पाणी सव्वानऊशें बाटल्यांएवढें होतें.

हें ऐकून 'मग नकोच ती वाइन' असें म्हणण्याची घाई होईल. परंतु हिशेब अर्ध्यावर सोडणें बरें नव्हे. तीच रीत आपल्या चहांतील साखरेस लावूं. उंसास वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी धरलें तर एकरीं ८० लाख ९४ हजार लिटर होतात. एकरीं ४० टन ऊंस आणि शेंकडा दहा उतारा धरला तर साखर निघाली चार हजार किलो. म्हणजे एका किलो साखरेमागें दोन हजार लिटरांहून थोडें अधिकच पाणी. मळी व भुसा यांचाही उपयोग होतो हें खरें. पण त्यानें हिशेबाचा तोंडवळा बदलत नाहीं. महिन्याला पांच किलो साखर आणणारें, मद्याला कधीं न शिवलेलें घर दहा हजार लिटर पाणी खर्च करतें, आणि तें वाइनच्या अठरा बाटल्यांच्या पाण्याहून अधिक आहे. ज्या जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस सरासरीनें आठशें मिलिमीटरांच्या आसपास, तेथें आपण दोन हजार मिलिमीटरांचें पीक घेतों. उरलेलें पाणी धरणांतून नाहीं तर भूगर्भांतून काढावें लागतें. नांदेडकडील श्रोत्यांनीं अर्धापूरच्या केळीचा हिशेब ह्याच रीतीनें घालून पाहावा. केळ उंसाच्याच पंगतीला बसते.

तिसरा हिशेब तुरीचा. तूर पावसाच्या आरंभीं पेरतात, पावसावर ती वाढते आणि जमिनींतील ओलीवर पिकते. तिला विहिरीचें पाणी बहुधा लागतच नाहीं. तेव्हां उपशाच्या दृष्टीनें क्रम असा लागतो: तूर व ज्वारी सर्वांत स्वस्त, द्राक्षवेल मध्यें, ऊंस सर्वांत महाग. ऊंस काढून त्या जागीं वेल लावली तर गांवाचें पाणी वांचतें. तुरीचें रान मोडून, नवी कूपनलिका खोदून वेल लावली, तर तीच वेल गांवाचें पाणी उचलते. बाटली तीच, चव तीच, जाहिरातींतलें विशेषणही तेंच. परंतु पहिल्या बाटलीला तें शोभतें, दुसरीला शोभत नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी औशाकडे शेती करतो. मागें भेटला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, दोन एकर द्राक्ष लावावं म्हणतो. खाण्याचं लावू का वाइनचं?" मीं विचारलें, "सध्या त्या रानात काय आहे?" तो म्हणाला, "तूर आणि सोयाबीन." "आणि पाणी?" "बोअर मारायचा की, गुरुजी!" मीं त्यास सांगितलें, "मग आधी तळं, नंतर वेल. आणि माल घेणाऱ्याचा लेखी करार हाती येईपर्यंत वाइनची जात नको." तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही अजून तोंडी हिशेबच घालता." त्यानें तूर्त तूरच ठेविली आहे. पण त्याचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हे. दोन एकरांत संसार चालवावयाचा तर तुरीचा पैसा पुरत नाहीं, हें त्याचें म्हणणें खोटें नाहीं. पाणी राखा म्हणून सांगणाऱ्यानें त्याच्या पोटाचाही विचार केला पाहिजे.

तळ्याचें उदाहरण मराठवाड्यांतच आहे. जालना जिल्ह्यांतील कडवंची गांवानें १९९६ पासून पाणलोटाचीं कामें केलीं, बांध घातले, शेततळीं खोदलीं, आणि कमी पावसाच्या त्या गांवांत द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तीं द्राक्षें खाण्याचीं आहेत. परंतु पाण्याचा नियम दोहोंस एकच. मात्र 'शेततळें' ह्या शब्दानेंही भुलून जाऊं नये. पावसाच्या वाहत्या पाण्यानें भरलें तर तें तळें. प्लास्टिकचा कागद अंथरून कूपनलिकेच्या पाण्यानें भरलें, तर सर्वांच्या मालकीचें भूगर्भांतील पाणी एकानें वर काढून उन्हांत वाळत घातल्यासारखें होतें. पाणी जमिनीखालीं सुरक्षित होतें. वर आल्याबरोबर तें आटूं लागलें, आणि शेजाऱ्याची विहीर मात्र खोल गेली.

पाण्याखालोखाल हिशेब थंडीचा. पांढऱ्या वाइनचा सुवास टिकावयाचा तर रस सुमारें १२ ते १६ अंश उष्णतामानांत सावकाश आंबवावा लागतो. आपल्याकडे द्राक्षतोडीच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्यें, दुपारचा पारा पस्तिशी गांठतो. म्हणजे यंत्रानें थंडी निर्माण करावी लागते, आणि त्या यंत्राला वीज लागते. वीज पुन्हां पाणी मागते. परळीचें औष्णिक वीजकेंद्र २०१५ सालीं पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें होतें, हें आपण पाहिलेलेंच आहे. ह्यावर दोन उपाय आहेत. द्राक्षें रात्रीं किंवा पहाटे तोडावीं, म्हणजे तीं थंड असतांनाच कारखान्यांत येतात; आणि वीज सूर्यापासून घ्यावी. जें ऊन द्राक्षाचा आंबटपणा जाळतें, त्याच उन्हाकडून रस थंड करून घ्यावयाचा, ही युक्ति मला फार आवडते. 'सुला' संस्थेनें सौर विजेचा मोठा उपयोग चालविला आहे.

बाकीचे हिशेब थोडक्यांत सांगतों. टाक्या व नळ्या धुण्यास पुष्कळ पाणी लागतें; तें शुद्ध करून पुन्हां बागेस दिलें, तर पाणी एकदां मोजून दोनदां वापरल्यासारखें होतें; ओढ्यांत सोडलें तर ओढा नासतो. पिळून उरलेला साल-बियांचा चोथा कुजवून त्याचें खत करतां येतें. फवारणीचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण केवडा व भुरी हे रोग आपल्या दमट हवेंत द्राक्षाची पाठ सोडीत नाहींत, आणि जुन्या बोर्डो मिश्रणांतील मोरचुदाचें तांबेंही वर्षानुवर्षें मातींत सांचत जातें. शेवटीं बाटली. रिकाम्या बाटलीचेंच वजन सुमारें अर्धा किलो असतें. काच वितळविण्यास भट्टी लागते, आणि एवढें ओझें शेंकडों कोस वाहून न्यावें लागतें. हलकी बाटली किंवा परत घेऊन पुन्हां भरलेली बाटली, हा साधा उपाय पुष्कळ जाहिरातींहून मोलाचा आहे.

आणि आतां पिण्याविषयीं, कारण त्याविषयीं बोललों नाहीं तर आपण म्हणाल, गुरुजींनीं मुख्य प्रश्न चुकविला. २०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला होता. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळेल, असें एक पक्ष म्हणाला. दारू किराण्याच्या फळीवर येऊन बसेल, असें दुसरा म्हणाला. विरोध इतका झाला कीं तो निर्णय अमलांत आला नाहीं. शिक्षकी पेशांत दारूनें मोडलेलीं घरें मीं मुलांच्या तोंडांवर वाचलेलीं आहेत. फी भरण्याच्या दिवशीं कोण गैरहजर राहतो आणि कां, हें वर्गशिक्षकाला न विचारतां कळतें. वाइन थोडी घेतली तर प्रकृतीस हितकर, असें पूर्वीं सांगत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्ट केलें कीं, मद्याचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण नाहीं. तेव्हां औषध म्हणून कोणी वाइन सुरू करूं नये. निसर्गास अपाय न करतां केलेली वाइन पिणाऱ्यासही अपाय करीत नाहीं, असा अर्थ तर मुळींच काढूं नये. ह्या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत.

परंतु जे घेतात, किंवा ज्यांचीं मुलें पुण्या-मुंबईस, परदेशीं राहून घेऊं लागलीं आहेत, त्यांनीं निदान डोळे उघडे ठेवून घ्यावी. बाटलीवर 'निसर्गानुकूल' असें छापलेलें असेल तर करणाऱ्यास तीन गोष्टी विचाराव्या. हें रान पूर्वीं कशाचें होतें? बागेचें तळें पावसानें भरतें कीं कूपनलिकेनें? आणि रस कोणत्या विजेवर थंड होतो? ज्या मळ्याचा मालक ह्या तिन्हींचीं उत्तरें आंकड्यांत देईल, त्याचें विशेषण खरें मानावें, मग तो मळा एका कुटुंबाचा असो कीं हजार भागीदारांचा. जो नुसता डोंगरामागच्या सूर्यास्ताचें चित्र दाखवील, त्याचें मानूं नये.

आणि जीं घरें मद्याला शिवत नाहींत, त्यांनीं हा हिशेब दुसऱ्याचा म्हणून सोडून देऊं नये. लातूरच्या त्या पहिल्या गाडीच्या पाण्यांत वाइनच्या सव्वानऊशें बाटल्या झाल्या असत्या, हें मीं मघां सांगितलें. त्याच पाण्यांत साखर मात्र अडीचशें किलोच झाली असती. पुढच्या महिन्याची किराण्याची यादी लिहितांना साखरेपुढें आंकडा घालण्यापूर्वीं एवढें एकदां आठवावें, अशी आपणां सर्वांस माझी विनंति आहे.